फिरत्या घराचा पत्ता

शाळेंत नवें मूल दाखल करावयाचें झालें म्हणजे जो छापील अर्ज भरावा लागतो, त्यांत मुलाच्या नांवाच्या खालोखाल पत्त्याचा रकाना असतो. बहुतेक पालक हा रकाना क्षणार्धांत भरून टाकतात, व तो भरतांना आपण कांहीं विशेष सांगत आहों असें त्यांस वाटतही नाहीं. परंतु पत्ता ही वस्तु दिसते तितकी साधी नाहीं. पोस्टमन, विजेचें बिल, रेशनकार्ड, बँकेचें पासबुक आणि हल्लीं घरोघर आलेलें इंटरनेट, हीं सर्व पत्त्यामागून चालत येतात. ज्याचें घर एका जागीं उभें आहे त्याला हीं शोधीत येतात. ज्याचें घरच चालतें आहे त्याला मात्र त्यांच्यामागें धांवावें लागतें. सन २०२५ च्या मे महिन्यांत इंग्लंडांतील एका कालव्यावर मी तीन आठवडे राहिलें, तेव्हां ह्याचा खरा अर्थ माझ्या ध्यानांत आला. त्या प्रवासाचें समग्र वर्णन करण्याचा माझा हेतु नाहीं. चालत्या नावेवर बिनतारी इंटरनेट कसें मिळवितात, व तें मिळविणें इतकें अगत्याचें कां असतें, एवढेंच आपल्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावें असें मीं योजिलें आहे.

माझा एक मावसभाऊ इंग्लंडांत नोकरीस आहे. एका व्यापारी पेढीचे हिशेब संगणकावर ठेवण्याचें त्याचें काम असून तें तो घरूनच करतो. त्याची पत्नी परिचारिका आहे; नाव जेथें बांधली असेल तेथून ती आठवड्यांतून तीन दिवस इस्पितळांत जाते. त्यांना नऊ वर्षांची एक मुलगी आहे. तिकडे घरभाडें पगाराचा मोठा वांटा गिळून टाकतें. म्हणून चार वर्षांपूर्वीं ह्या कुटुंबानें एक जुनी नाव विकत घेतली व तींतच संसार थाटला. मी निघण्यापूर्वीं भावानें फोनवर बजावलें होतें, "ताई, आमचें घर सत्तावन फूट लांब असलें तरी सात फूटच रुंद आहे, सामान बेतानें आण." तें अक्षरशः खरें निघालें. दोन्ही हात पसरले म्हणजे घराच्या दोन्ही भिंतींस जवळजवळ बोटें लागत.

आपल्याकडे कालवा म्हटला कीं प्रवरेचा किंवा नीरेचा पाट डोळ्यांसमोर येतो, व त्याच्या दोहों अंगांस ऊस दिसूं लागतो. इंग्लंडांतील कालवे शेतीस पाणी देण्यासाठीं काढलेले नाहींत; ते माल वाहण्यासाठीं काढलेले आहेत. ब्रिजवॉटरच्या ड्यूकनें आपल्या वर्स्ली येथील खाणींतील कोळसा मँचेस्टर शहरीं नेण्याकरितां जो कालवा काढविला, तो १७६१ सालीं खुला झाला. जेम्स ब्रिंडली हा त्या कामावरील प्रसिद्ध कारागीर. कालवा सुरू होतांच मँचेस्टरांत कोळशाची किंमत सुमारें निम्म्यावर आली, आणि मग देशभर कालव्यांचें जाळें पसरलें. चढ आला म्हणजे पाण्यास दोन दरवाजांमध्यें कोंडून नाव वर उचलावयाची किंवा खालीं उतरवावयाची, अशी योजना असे. ह्या दरवाजांच्या हौदास लॉक म्हणतात. पुष्कळ कालव्यांवर हीं लॉकें सुमारें सातच फूट रुंद बांधलीं गेलीं, आणि त्यांत मावाव्या म्हणून नावाही तितक्याच अरुंद झाल्या. म्हणून त्यांचें नांवच नॅरोबोट, म्हणजे अरुंद नाव, असें पडलें.

पुढें आगगाड्या आल्या, मोटारी आल्या, आणि कालव्यांचा व्यापार ओसरूं लागला. १९४८ सालीं बहुतेक कालवे सरकारच्या ताब्यांत गेले. १९६२-६३ चा हिंवाळा इतका कडक पडला कीं कित्येक आठवडे पाणी गोठून नावा जागच्या जागीं अडकल्या, आणि अरुंद नावांची मालवाहतूक त्यानंतर जवळजवळ संपलीच. कालवे मात्र राहिले. २०१२ पासून इंग्लंड व वेल्स येथील सुमारें २००० मैलांच्या जलमार्गांची व्यवस्था एका धर्मादाय न्यासाकडे आहे. आज त्यांवर हजारों नावा आहेत. कांहीं सहलीच्या, आणि कांहींत माणसें बारा महिने राहतात. ज्यांनीं एका ठराविक जागेचें भाडें भरलेलें नाहीं, त्यांनीं १९९५ च्या कायद्याप्रमाणें एका ठिकाणीं साधारणपणें चौदा दिवसांहून अधिक राहावयाचें नसतें. माझ्या भावाची नाव ह्यांतलीच. दर पंधरवड्यास घर उठतें, ताशीं फार तर चार मैल वेगानें पुढें सरकतें, आणि नव्या पुलाजवळ पुन्हां कांठास बांधलें जातें.

आतां अशा घरांत इंटरनेट यावें कसें? पहिली अडचण कागदोपत्रीं आहे. नाव घेतल्यावर भाऊ एका मोबाईल कंपनीच्या दुकानांत गेला. दुकानांतील तरुणानें विचारलें, "आपला पोस्टकोड काय?" ह्यानें सांगितलें, "ह्या आठवड्यांत अमुक पुलाजवळ आहों. पुढच्या आठवड्यांत कोठें असूं तें अजून ठरावयाचें आहे." तो तरुण हंसला व त्यानें यंत्राकडे बोट दाखविलें. यंत्रांतील तो रकाना रिकामा ठेवतां येत नव्हता. तेव्हां भावानें एका स्नेह्याच्या परवानगीनें त्याच्या घरचा पत्ता पत्रव्यवहारासाठीं दिला, व सिमकार्ड हातीं आलें. घरांत तार ओढून आणणारें इंटरनेट तर नावेस मुळींच उपयोगाचें नाहीं. चौदाव्या दिवशीं ती तार तोडावी लागेल! सारी भिस्त बिनतारी लहरींवर ठेवावी लागते.

दुसरी अडचण नावेच्या अंगचीच आहे. ती पोलादाची असते. तळ पोलादाचा, भिंती पोलादाच्या, छप्परही बहुधा पोलादाचेंच. मायकेल फॅरडे ह्या शास्त्रज्ञानें १८३६ सालीं धातूनें मढविलेली एक खोली तयार करून दाखवून दिलें कीं, बाहेर विजेचा कितीही खेळ चालला तरी तशा खोलीच्या आंत त्याचा परिणाम पोहोंचत नाहीं. नाव ही थोडीशी तशीच पेटी आहे. खिडक्यांतून कांहीं लहरी आंत शिरतात, बाकीच्या परत फिरतात. मी पहिल्या दिवशीं फोन घेऊन आंत बसलें, तों रेंज नाहीं. डोकें बाहेर काढून हात वर केला, तों तीन रेघा. शेजारच्या नावेवरील एक आजोबा तसाच हात वर करून उभे होते. दोघांनींही एकमेकांकडे पाहून मान लवविली.

तिसरी अडचण भूगोलाची. पाण्यास उंचसखल चालत नाहीं. म्हणून कालवा काढणारांनीं तो डोंगराच्या कुशींतून, दरींतून, आणि टेकडी आडवी आली तर ती कापून नेला. मोबाईलचे मनोरे मात्र उंचावर किंवा हमरस्त्यांच्या बाजूस उभे करतात. अर्थात् नाव बरेच वेळां नेमकी खळग्यांत, झाडांच्या ओळींमागें असते. आणि पावसानें भिजलेलीं पानें ह्या लहरी पुष्कळ शोषून घेतात. चौथी अडचण विजेची. राऊटर, म्हणजे मोबाईलच्या लहरी घेऊन त्या घरांत वांटून देणारें यंत्र, सुमारें दहा वॅट वीज खातें असें धरा. आमच्या नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनीं हिशेब करून पाहावा: चोवीस तासांत २४० वॅट-तास, म्हणजे बारा व्होल्टच्या बॅटरींतून रोज २० अँपिअर-तास. उन्हाळ्यांत छपरावरील सौर पॅनेल एवढी वीज सहज भरून देतात. हिंवाळ्यांत दिवस आखूड, ऊन मंद, तेव्हां इंजिन चालवून ती मिळवावी लागते. शहाणीं माणसें रात्रीं राऊटर बंद करून निजतात.

ह्या अडचणींवर माझ्या भावानें जी तोड काढली आहे, तींत जादू कांहीं नाहीं; केवळ विचार आहे. पोलाद लहरी अडवितें, तर लहरी घेणारा अँटेना पोलादाच्या बाहेर, छपरावर न्यावयाचा. त्याची बैठक लोहचुंबकाची केली कीं छप्पर पोलादाचें असल्यानें ती आपोआप घट्ट बसते. म्हणजे जें पोलाद शत्रु होतें तेंच येथें मित्र झालें. अँटेनापासून दोन तारा छपरांतील हवेच्या झरोक्यांतून आंत येतात व राऊटरला जोडल्या जातात. ह्या तारा जितक्या आखूड तितकें बरें, कारण लांब तारेंतच लहरींचें बळ खर्च होऊन जातें. कालव्यावरील जुने पूल फार ठेंगणे असतात, म्हणून नाव चालूं लागण्यापूर्वीं अँटेना आडवा करणें हा त्या घरांतला नित्यनेम आहे. तें काम मुलीकडे असतें, आणि ती तें कधीं विसरत नाहीं.

अँटेना दोन जातींचे असतात. एक चोहोंकडून सारखें ऐकतो. दुसरा एकाच दिशेचें, परंतु दूरचें ऐकतो. दुसऱ्याचा उपयोग अवघड जागीं फार होतो. मात्र प्रत्येक नव्या मुक्कामीं मनोरा कोणत्या अंगास आहे तें शोधून त्याचें तोंड तिकडे वळवावें लागतें. लहरींतही भेद आहे. सेकंदास ८० कोटी कंपनें असणाऱ्या लहरीची लांबी सुमारें ३७.५ सेंटिमीटर भरते. अशा लांब लहरी दूर जातात व आडोशांतूनही बऱ्यापैकीं वाट काढतात. सेकंदास २६० कोटी कंपनांच्या लहरी अकरा-बारा सेंटिमीटरांच्या; त्या एका वेळीं पुष्कळ मजकूर वाहून नेऊं शकतात, पण लवकर थकतात. शहराजवळ आंखूड लहरी उपयोगी, रानांत लांब लहरी उपयोगी. शिवाय एका कंपनीचा मनोरा जेथें नसेल तेथें दुसरीचा असूं शकतो, म्हणून दोन निरनिराळ्या कंपन्यांचीं सिमकार्डें जवळ ठेवावयाचीं. आकाशांत कांहीं शें किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या उपग्रहांकडून इंटरनेट घेणारी थाळी आतां कित्येक नावांवर दिसते. ती मनोऱ्यांवर अवलंबून नसते खरी, पण तिला मोकळें आकाश लागतें, आणि वीजही साध्या राऊटरच्या कित्येक पट लागते. झाडांच्या बोगद्याखालीं बांधलेल्या नावेस तिचा फारसा लाभ होत नाहीं.

ह्या सर्वांत मला अधिक आवडली ती मुलीची वही. तींत तिनें प्रत्येक मुक्कामाची नोंद केली आहे. तिकडे कालव्यावरील बहुतेक पुलांस क्रमांक असतात. वहींत तारीख, पुलाचा क्रमांक, कोणत्या कंपनीची रेंज किती, अँटेनाचें तोंड कोणत्या दिशेस, झाडें आहेत कीं मोकळें आहे, एवढे रकाने तिनें स्वतः आंखले आहेत. नाव पुढें न्यावयाच्या आदल्या रात्रीं बाप आणि लेक ती वही व ऑफकॉम ह्या नियामक संस्थेचा रेंजचा नकाशा समोर ठेवून बसतात, आणि पुढला मुक्काम ठरवितात. मीं तिला सहज विचारलें, "तुझा पत्ता काय ग?" ती म्हणाली, "आज कीं उद्यां, आत्या?" आणि वही उघडून दोन पुलांचे क्रमांक मला दाखविले.

हा सारा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. करमणुकीसाठीं खास नव्हे. भावाची नोकरी त्यावर अवलंबून आहे. ग्रँड युनियन कालव्यावर ब्लिसवर्थ येथें ३०७६ यार्ड लांबीचा एक बोगदा आहे. १८०५ सालीं तो खुला झाला. त्यांत घोड्यांस वाट नव्हती, म्हणून पूर्वीं माणसें फळीवर उताणीं निजून पायांनीं भिंती रेटीत नाव पार नेत असत. आतां इंजिनानें तो ओलांडण्यास सुमारें अर्धा तास लागतो, व तेवढा वेळ जगाशीं सर्व संबंध तुटतो. म्हणून भाऊ आधीं वरिष्ठांस कळवितो आणि मगच बोगद्यांत शिरतो. मुलीचें शिक्षणही नावेवरच चालतें. इंग्लंडांत आईबापांस मूल घरीं शिकविण्याची कायद्यानें मुभा आहे. तिचे गणिताचे व शास्त्राचे पाठ इंटरनेटवरून येतात. आणि दर शनिवारीं तेथील सकाळचे दहा, म्हणजे उन्हाळ्यांत आपले दुपारचे अडीच वाजले कीं, संगमनेरास बसलेली तिची आजी, माझी मावशी, तिला मराठी वाचावयास शिकविते. बालभारतीचें तिसरीचें पुस्तक एक तिच्यापाशीं असतें, एक आजीपाशीं.

मी तेथें असतांनाच्या एका शनिवारीं फार पाऊस लागला. आम्ही ब्लिसवर्थ गांव सोडून बोगद्याच्या अलीकडे, दाट झाडीच्या खोलगट जागीं थांबलों होतों. दहा वाजावयास आले, तरी राऊटरवरील दिवा लाल तो लालच. एक सिमकार्ड झालें, दुसरें झालें. अँटेनाचें तोंड चारी दिशांस फिरवून झालें. मुलगी कांहीं बोलली नाहीं. पण पुस्तक उघडून वर पाहत उभी राहिली. तेव्हां भावानें छपरावरील लांब लांकडी वासा उचलला, त्याच्या टोंकास अँटेना दोरीनें बांधला, वासा नावेच्या कडेस उभा केला, आणि स्वतः पावसांत तो धरून राहिला. आंतून मुलगी सांगत होती, "बाबा, थोडा डावीकडे. आणखी. थांबा, थांबा!" दिवा हिरवा झाला. चित्र कांहीं उमटेना; आवाज तेवढा येऊं लागला.

मावशी म्हणाली, "दिसत नसलीस तरी चालेल, बाळ. तूं वाच, मी ऐकतें." मग त्या मुलीनें अर्धा तास वाचलें. जेथें ती अडली तेथें आजीनें तिकडून तोच शब्द हळू उच्चारला, व मुलीनें तो पुन्हां म्हटला. "क्ष" हें अक्षर तिला कठीण जाई. त्या दिवशीं "अक्षर" हा शब्द तिनें पांच वेळां म्हटला, आणि पांचव्या वेळीं तो नीट आला. धडा संपला तेव्हां भाऊ नखशिखांत भिजला होता. त्याची पत्नी टॉवेल घेऊन दारांत उभी होती. ती मला म्हणाली, "वन्सं, ह्यांना सांगून उपयोग नाहीं. शनिवार चुकला कीं आठवडाभर मुलीहून ह्यांनाच अधिक हुरहूर लागते."

त्या दिवशीं एक गोष्ट माझ्या मनांत पक्की झाली. चित्र पाठविण्यास लहरींवर जितका भार पडतो, त्याच्या अगदीं अल्प भागांत आवाज जातो. आपण मात्र चित्र आलें नाहीं तर "इंटरनेट नाहीं" म्हणून पुस्तक मिटून टाकतों. शिकविण्यास आणि शिकण्यास जें अवश्य लागतें तें फार थोडें असतें: एका टोंकास वाचणारें मूल, दुसऱ्या टोंकास कान देऊन ऐकणारें माणूस, आणि मध्यें आवाज जाईल एवढी वाट. ही वाट कोणीतरी पावसांत उभें राहून धरून ठेवावी लागते, एवढेंच.

ही वाट नसली म्हणजे काय होतें, त्याचा इतिहास त्याच कालव्यांवर लिहिलेला आहे. माल वाहणाऱ्या नावांवर आईबाप व मुलें मिळून जेमतेम दहा फूट लांबीच्या खोलींत राहत. आज येथें, उद्यां तेथें. मूल एखाद्या शाळेंत एक दिवस बसे व दुसऱ्या दिवशीं नाव हाले. कोणतीही शाळा त्यास आपलें म्हणेना. पिढ्यान् पिढ्या ह्या लोकांस अक्षरओळख झाली नाहीं. जॉर्ज स्मिथ नांवाच्या एका गृहस्थानें ह्यांची कैफियत जगापुढें मांडली. तो स्वतः लहानपणीं वीटभट्टीवर राबलेला होता. कालव्यांवरील लोकांविषयीं त्यानें १८७५ सालीं पुस्तक प्रसिद्ध केलें, व त्याच्या खटपटीनें १८७७ आणि १८८४ सालीं ह्या नावांसंबंधीं कायदे झाले. १८७७ च्या कायद्यानें प्रत्येक राहत्या नावेची एका गांवीं नोंदणी करावयाची, आणि नाव कोठेंही असो, तिच्यावरील मूल शिक्षणापुरतें त्या नोंदणीच्या गांवचें रहिवासी समजावयाचें, असें ठरलें. कायद्यानें मुलास पत्ता दिला. परंतु पत्ता एका गांवीं आणि मूल दुसऱ्या गांवीं, ह्याला कायदा तरी काय करणार? शेवटीं १९३० च्या सुमारास लंडनच्या पश्चिमेस वेस्ट ड्रेटन येथें एका मोठ्या नावेंतच शाळा भरविण्यांत आली, ती ह्याच कारणासाठीं कीं, मुलें पाण्यावर आहेत तर शाळेनेंही पाण्यावर यावें. तरी तेथें मूल जेवढे दिवस नाव बांधलेली असे तेवढेच दिवस शिके.

आणखी एक गोष्ट भावानें मला दाखविली, ती सांगितल्यावांचून राहवत नाहीं. ज्या पायवाटेवरून पूर्वीं घोडे नावा ओढीत नेत, त्याच पायवाटेखालीं आतां कित्येक ठिकाणीं प्रकाशतंतूंच्या तारा पुरलेल्या आहेत. केंसासारख्या बारीक कांचेच्या तंतूंतून शहराशहरांचे निरोप प्रकाशाच्या रूपानें त्यांतून धांवतात. भावाची नाव त्या तारांपासून चार हातांवर बांधलेली असते, आणि तरी त्यांतील एक थेंबही तिला मिळत नाहीं. ती आपली छपरावर अँटेना उभारून दूरच्या मनोऱ्याकडे पाहत असते. जवळ असणें आणि हातीं येणें ह्यांत केवढें अंतर असतें! इंटरनेट गांवांतून गेलें म्हणजे तें गांवांतील प्रत्येक मुलास पोहोंचलें, असें मोठीं माणसें भाषणांत सांगतात, तेव्हां मला ती पायवाट आठवते.

आतां आपल्या घरचें पाहूं. आपल्या जिल्ह्यांतून व शेजारच्या बीड जिल्ह्यांतून दर वर्षीं दिवाळीच्या सुमारास हजारों कुटुंबें कोयता घेऊन ऊसतोडीस जातात. कारखान्याच्या फडावर पांचटाची कोपी हेंच त्यांचें सहा महिन्यांचें घर, आणि फड संपला कीं तेंही हलतें. कालव्यावरील नावेचा आणि ह्या कोपीचा पत्ता सारखाच आहे, म्हणजे नाहींच. भेद इतकाच कीं माझ्या भावानें फिरतें घर आपण होऊन पत्करलें, त्याला दोन सिमकार्डें परवडतात. फडावरील बापास तें परवडत नाहीं. २०२५ च्या दिवाळीनंतर माझ्या वर्गांतला एक मुलगा असाच आईबापांबरोबर गेला. निघण्याच्या दिवशीं मीं त्याच्या वडिलांस शाळेंत बोलावून घेतलें व विचारलें, "दादा, तुमच्यापाशीं फोन आहे ना?" ते म्हणाले, "साधा आहे बाई. त्यांत चित्र दिसत नाहीं." मीं म्हटलें, "चित्र नको. रविवारीं रात्रीं आठ वाजतां फोन करा. बाळूनें धडा वाचावा, मी ऐकीन." बाळू हें त्याचें घरांतलें लाडकें नांव नव्हे, मीं येथें घातलें आहे.

फडावर रेंज नसे. मुलानें चार दिवस हिंडून जागा शोधून काढली. जवळून जाणाऱ्या पाटाचा मातीचा भराव होता, त्यावर चढलें कीं आवाज नीट लागे. दर रविवारीं तो वडिलांबरोबर बॅटरी घेऊन त्या भरावावर जाई. कधीं ट्रॅक्टरचा आवाज येई, कधीं वारा. कधीं मध्येंच संभाषण तुटे व पुन्हां जुळे. एका रविवारीं फोन आला नाहीं. दुसऱ्या दिवशीं वडिलांनीं आपण होऊन सांगितलें कीं रात्रभर गाड्या भरणें चाललें होतें. मार्चअखेर तो परत आला तेव्हां पुस्तकाचे शेवटचे चार धडे तेवढे राहिले होते. ते आम्ही शाळेंत पुरे केले, आणि तो वरच्या वर्गांत गेला. माझें श्रेय ह्यांत थोडें आहे. भराव शोधला त्यानें, आणि दिवसभर ऊस तोडून रात्रीं त्याच्याबरोबर चालत गेले ते त्याचे वडील.

पालकांस माझी एक विनंती आहे. कामासाठीं गांव सोडावें लागलें तर वर्गशिक्षकांस न सांगतां जाऊं नका. कोठें जाणार हें ठरलेलें नसेल तरी हरकत नाहीं. फोनचा क्रमांक आणि आठवड्यांतील एक वेळ सांगून जा. फोन साधा असला तरी चालतो, हें आम्ही करून पाहिलें आहे. आणि माझ्या विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकीं बहुतेकांच्या घरांत बसल्या जागीं रेंज येते. तुम्हांस वासा धरावा लागत नाहीं कीं भराव चढावा लागत नाहीं. तेव्हां वर्गांतला एखादा सोबती सुट्टीआधींच गांव सोडून गेला, तर त्या आठवड्यांत काय शिकविलें तें त्याला फोनवरून वाचून दाखवा. त्यास दहा मिनिटांहून अधिक वेळ लागणार नाहीं. तो कोठल्या पुलाजवळ, कोठल्या फडावर आहे, हें आपल्या वहींत लिहून ठेवा. म्हणजे परत येईल त्या दिवशीं त्याची जागा आपण राखून ठेवली होती हें त्याला कळेल.